गवताचा विसावा
(वाशिम परिसरातील गुरे, कुरणे आणि त्यांचा इतिहास)

वाशिमचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वत्सगुल्म उभे राहते. वाकाटकांची राजधानी, पद्मतीर्थ, बालाजीचे देऊळ, जवळच नृसिंहसरस्वतींचे कारंजा आणि बंजारा समाजाचे पोहरादेवी, अशी ही मालिका आपल्याला पाठ असते. राजे, संत, देवळे आणि लढाया यांच्या या इतिहासात एका गोष्टीला मात्र कधी जागा मिळाली नाही. ती गोष्ट म्हणजे गवत. गवताचा इतिहास तो काय असायचा, असे कोणी म्हणेल. परंतु या मुलखाची शेती बैलाने केली, बैल गवतावर वाढला, आणि गवत गेले तेव्हा बैलाबरोबर माणूसही खंगला. हा सगळा क्रम पाहिला म्हणजे गवताचा इतिहास हा आपल्याच घरचा इतिहास आहे, हे ध्यानात येते.

वसंत ऋतूत या व्याख्यानांना आपण जमतो. वऱ्हाडात वसंत म्हणजे बरडावरचे गवत करडे पडण्याचे आणि ढोरांनी धुऱ्याबांधावर तोंड मारीत हिंडण्याचे दिवस. अशा दिवसांत हा विषय निघावा हे एका अर्थी उचितच आहे. अलीकडे 'पुनरुज्जीवक चराई' असा एक शब्द ऐकू येतो. गुरांना अशा रीतीने चारावे की चरण्यानेच जमीन सुधारावी, गवत दाट व्हावे आणि पाणी मुरावे, असा त्याचा आशय. ही कल्पना परदेशातून नवी आली, असे बहुतेकांना वाटते. तिच्यातील नवे कोणते, जुने कोणते, आणि जुने होते ते का मोडले, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम भूमीकडे पाहू. वाशिम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वळून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. अडाण आणि अरुणावती या पैनगंगेकडे जाऊन अखेर गोदावरीत पोचतात. म्हणजे येथे पडलेल्या पावसाचा काही भाग पश्चिम समुद्राला जातो आणि काही पूर्व समुद्राला. अशा माथ्यावरच्या मुलखात दोन प्रकारची जमीन असते. ओढ्या-नाल्यांच्या काठी खोल काळी, आणि टेकड्यांच्या उतारावर हातभर खोदले की मुरूम लागावा अशी बरड. सरासरीने तीस-पस्तीस इंच पाऊस, आणि तोही चार महिन्यांत. काळ्या जमिनीने पीक द्यावे आणि बरडाने गवत द्यावे, अशी निसर्गानेच येथे वाटणी करून ठेवली आहे.

या बरडावरची जातिवंत गवते म्हणजे शेडा, पवन्या, मारवेल. ही बहुवर्षायू गवते. वरचे पाते उन्हाळ्यात वाळून जाते, पण मूळ जिवंत राहते आणि मृगाचा पाऊस पडताच पुन्हा फुटते. भारतातील गवताळ प्रदेशांची पाहणी करून दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात दख्खनच्या पठाराचा समावेश शेडा-मारवेल यांच्याच गटात केला आहे. गवताचा स्वभाव एकदा नीट समजून घेतला की पुढचा सगळा इतिहास उलगडतो, म्हणून त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे.

गवताचे पाते हे त्याचे स्वयंपाकघर आणि मूळ हे त्याचे कोठार. गाईने पाते खाल्ले की गवत कोठारातली शिधासामग्री काढून नवे पाते उभारते. ते पाते वाढले, त्याने अन्न शिजवले, म्हणजे कोठार पुन्हा भरते. एवढा अवधी मिळाला तर चरल्याने गवताचे काही बिघडत नाही. उलट ते फुटवे धरून दाट होते, आणि गुरांच्या शेणामुताने जमीनही कसदार होते. पण कोवळा कोंभ गुरांना फार गोड लागतो. मोकळे सोडलेले जनावर काल खाल्लेल्या ठिकाणी आज पुन्हा तोंड घालते. कोठार भरण्यापूर्वीच पुन्हा उपसले गेले की मूळ आखडते आणि शेवटी मरते. मग शेडा-पवन्याच्या जागी कुसळी येते, कुसळीच्या जागी वर्षभरात उगवून मरणारी हलकी गवते येतात, आणि सरतेशेवटी उघडा मुरूम. तेव्हा गुरे किती आहेत या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, गवताला विसावा किती मिळतो.

हा विसावा पूर्वी कसा मिळत असे? त्याची उत्तरे राजशासनात, गावगाड्यात आणि वाटेवर अशा तीन ठिकाणी सापडतात.

वत्सगुल्म या नावातच 'वत्स' आहे आणि वत्स म्हणजे वासरू. परंतु नुसत्या नावावरून इतिहास काढणे बरे नव्हे. स्थलपुराण या नावाचा संबंध वत्स ऋषींशी जोडते. आपल्यापाशी याहून भक्कम पुरावा आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत, आणि वाशिमला सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातील ताम्रपट हा त्यांपैकीच एक, दान दिलेल्या गावाला कोणत्या जाचातून मुक्त केले आहे याची लांबलचक यादी येते. गावावर आलेल्या राजपुरुषांना गवत पुरवायचे नाही, बसावयास कातडी द्यायची नाही, कोळसा द्यायचा नाही. दूध द्यायचे नाही. पाळीपाळीने गाई-बैल द्यायचे नाहीत, अशा या सवलती आहेत. ज्या गोष्टींची सूट मुद्दाम ताम्रपटावर कोरावी लागते, त्या इतर गावांकडून नित्य घेतल्या जात असल्या पाहिजेत, हे उघड आहे. सोळा शतकांपूर्वी या प्रदेशात गवत ही फुकट पडलेली वस्तू नव्हती. राजाला हवीशी आणि गावाला जपावीशी वाटणारी ती संपत्ती होती. कौटिलीय अर्थशास्त्रानेही लागवडीस अयोग्य अशा भूमीवर गुरांसाठी कुरणे राखावीत असे सांगितले असून त्यावर विवीताध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमला आहे. जी जमीन नांगराला नको ती गाईला द्यावी, हा विचार एवढा जुना आहे.

दुसरी गोष्ट गावगाड्याची. वऱ्हाडातल्या खेड्यात सकाळी सगळी ढोरे आखरावर जमत. गायकी किंवा ढोरकी त्यांना हाकीत रानात नेई, दुपारी झाडाखालच्या गोठाणावर बसवी आणि दिवस मावळताना परत आणी. त्याचे वेतन धान्याच्या रूपाने मिळे. हा माणूस गावात फारसा मानाचा समजला जात नसे, पण आज कोणत्या अंगाला जायचे आणि कोणते अंग राखून ठेवायचे, हे तोच ठरवीत असे. पावसाळ्यात उभी पिके सांभाळायची म्हणून गुरे बरडावर. पीक निघाले की तीच गुरे मोकळ्या शेतात धसकटे खात हिंडणार आणि शेणखत टाकणार. त्या अवधीत बरडाला विसावा. राखलेल्या रमण्याचे गवत बी झडल्यावर विळ्याने कापून गंजी घालायची. शिवाय ज्वारीचा कडबा घरोघर असे. ज्वारी हे येथील माणसाचे अन्न होते तितकेच ते बैलाचेही होते. धनगरांची मेंढरे आली की त्यांना रात्री शेतात बसवण्यासाठी शेतकरीच आग्रह धरी आणि मोबदला देई. या सर्व व्यवस्थेला कोणी शास्त्र म्हटले नाही, पण तिच्यात एक हिशेब होता.

तिसरे उत्तर वाटेवरचे. रेल्वेपूर्वी या देशाचा जड व्यापार बैलांच्या पाठीवर चाले आणि तो बंजाऱ्यांच्या हाती होता. धान्य, कापूस आणि मीठ यांच्या गोण्या लादलेले त्यांचे तांडे शेकडो कोस जात. वऱ्हाडचा कापूस याच मार्गाने दूर गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत पोचत असे. १८०३ साली वऱ्हाडात आडगाव आणि गाविलगड येथे जी युद्धे झाली, त्यांत वेलस्लीच्या सैन्याचा दाणागोटाही बंजाऱ्यांच्या बैलांवरच अवलंबून होता. हजारो बैलांचा तांडा एका ठिकाणी फार दिवस राहू शकत नाही. तो येतो, दाटीने चरतो, खुरांनी जमिनीची खपली फोडतो, शेण टाकतो आणि पुढे जातो. पुन्हा त्या जागी यायला त्याला कित्येक महिने लागतात. पुनरुज्जीवक चराईचे आजचे पुरस्कर्ते 'दाट कळप, थोडा मुक्काम, लांब विसावा' असे जे तीन नियम सांगतात, ते बंजाऱ्यांनी कोणत्या सिद्धान्तासाठी पाळले नव्हते. त्यांच्या धंद्याचीच ती रीत होती.

जुन्या काळाचे हे चित्र रंगवताना आम्ही तो काळ सुखाचा होता असे सुचवीत नाही. दुष्काळ तेव्हाही पडत, बुळकांडीच्या साथीत गोठेच्या गोठे रिकामे होत, आणि गायकी, धनगर, बंजारा यांच्या वाट्याला कष्टच अधिक होते. जमीन भरपूर आणि माणसे थोडी, हे त्या व्यवस्थेचे मोठे भांडवल होते. एवढे मान्य करूनही असे म्हणावेच लागते की, ती व्यवस्था आपोआप मोडली नाही. ती मोडणारी कारणे सांगता येतात आणि त्यांचे सालही सांगता येते.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १८६५ पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस दुर्मिळ झाला. त्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ साली लोहमार्ग अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचला. मध्यप्रांत-वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस-आयुक्त नेमला गेला. मुंबई इलाख्याच्या नमुन्यावर रयतवारी मोजणी झाली, प्रत्येक शेताला नंबर पडला, आणि जिथे नंबर पडला तिथे सारा ठरला. १८६५ साली पडीत जमिनी लागवडीस देण्याचे नियम निघाले.

या 'पडीत' शब्दापाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. ज्या जमिनीवर गावची गुरे चरत, जिथून गवत, सरपण, डिंक आणि मोहाची फुले येत, ती गावाच्या दृष्टीने पडून राहिलेली नव्हती. ती सरकारच्या खतावणीत मात्र पडीत ठरली, कारण तिच्यातून सारा येत नव्हता. खतावणीतला तो शब्द हळूहळू आपल्याही तोंडी बसला. आज इंग्रजी राज्य जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या सरकारी नकाशांत गवताळ माळांची गणना बहुधा पडीक जमिनीतच होते, आणि पडीक म्हटली की तिचे काहीतरी केले पाहिजे असे प्रत्येकाला वाटते. कोणी तिथे झाडे लावतो, कोणी कारखाना काढतो. तिथे आधीच गवत आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कापसाने पैसा आणला, हे नाकारून चालणार नाही. कुणब्याने बरडाला नांगर लावला तो काही सगळाच जुलमाने नव्हे. भाव होता, हौस होती आणि पोटाची गरजही होती. परंतु नांगर वाढला की बैल अधिक लागतात, आणि त्याच नांगराने बैलांचे रान खाल्ले. या विचित्र पेचाचा सविस्तर अभ्यास लक्ष्मण सत्य यांनी एकोणिसाव्या शतकातील मध्य भारताच्या गुरांवरील आपल्या २००४ सालच्या ग्रंथात केला आहे. वऱ्हाडच्या बाबतीत त्यांचा निष्कर्ष असा की, चराईची जमीन कापसाखाली गेली, उरलेली जंगलखात्याच्या कुंपणात गेली, आणि गुरांची दैना झाली.

जंगलखात्याचे कुंपणही समजून घेण्यासारखे आहे. वऱ्हाडातील सरकारी जंगलांचे तीन वर्ग पाडले होते. 'अ' वर्ग इमारती लाकूड आणि जळणासाठी, 'ब' वर्ग रमण्यांसाठी, आणि 'क' वर्ग चराईसाठी. कागदावर ही वाटणी शहाणपणाची दिसते. गवतासाठी स्वतंत्र वर्ग ठेवणारे खाते अडाणी म्हणता येणार नाही. पण चराईला पट्टी बसली, गायकी जो निर्णय रोज सकाळी आभाळ आणि रान पाहून घेई तो आता दाखल्याने आणि नाकेदाराने होऊ लागला, आणि 'क' वर्गाच्या थोड्या रानावर चहूकडच्या गुरांची झुंबड उडाली. तिकडे रेल्वेने आणि बैलगाडीच्या पक्क्या सडकांनी बंजाऱ्याचा धंदा बुडवला. तांडे ठिकठिकाणी स्थिर झाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची काळी छाया भटक्या लोकांवर पडली आणि फिरस्तेपणाच संशयास्पद ठरला. कळप फिरायचे थांबले तेव्हा गवताचा विसावाही संपला. या दोन घटनांचा संबंध त्या काळी कोणी जोडला नाही.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्यापूर्वी १८९६-९७ मध्ये एक होऊन गेलाच होता. दुसऱ्या दुष्काळाचे वैशिष्ट्य असे की, धान्याइतकाच चाऱ्याचाही दुष्काळ पडला. धान्य रेल्वेने बाहेरून आणता येते. वैरण आणणे जड, आणि खेड्याच्या गोठ्यापर्यंत पोचवणे त्याहून जड. पूर्वी असे वर्ष आले की गुरे घेऊन दूरच्या रानाला जायचे, ही वाट होती. आता मधले रान शेतीखाली आणि पलीकडचे रान कुंपणाखाली. गुरे फार मोठ्या संख्येने मेली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी माणसेच कमी झाली. बैल मेलेला शेतकरी पुढच्या मृगात काय पेरणार? बैल गेला अन् झोपा केला ही म्हण आपण विनोदाने म्हणतो. त्या वर्षी ती वऱ्हाडच्या घराघरात खरी झाली असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी कारंज्यावरून धावणारी शकुंतला रेल्वे आली, १९०५ साली बाशीम जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला. गुरांचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. १९२६ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात या प्रश्नाचे मर्म अचूक सांगितले. त्याचा मथितार्थ असा : जिथे चारा कमी तिथे जनावरे निकृष्ट, निकृष्ट जनावरांकडून काम होत नाही म्हणून शेतकरी अधिक जनावरे बाळगतो, अधिक जनावरांमुळे चारा आणखी कमी होतो. हे चक्र एकदा फिरू लागले की थांबत नाही. शेतकरी अडाणी म्हणून फार गुरे ठेवतो, हा शहरी समज या एका विवेचनाने निकालात निघावयास हवा होता. जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या अखेरीस, १९४२ मध्ये देह ठेवीपर्यंत, वर्ध्याला गोसेवेचे व्रत घेतले. तिकडच्या गवळाऊ गाईसारखी स्थानिक जात जोपासण्याच्या त्या कार्यामागेही हीच जाणीव होती : थोडी पण चांगली गुरे, आणि त्यांना पोटभर चारा.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड प्रथम मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, पण गावोगावच्या सातबाऱ्यात 'ई वर्ग' हे शब्द राहिले. वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात ते हेच गुरचरण. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, १९६६ साली, अशी जमीन चराईसाठी राखून ठेवण्याची तरतूद कायम केली. कायद्याने राखलेली ही जमीन प्रत्यक्षात मात्र चहूबाजूंनी कुरतडली गेली. कोणी धुरा सरकवला, कोणी घर बांधले, कुठे सरकारी इमारती उठल्या.

येथे एक न्यायाची बाजू आहे, ती डावलून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गायरानावर पोटासाठी नांगर धरणाऱ्यांत भूमिहीन दलित आणि भटके पुष्कळ होते व आहेत. १९५९ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला तो पडीत आणि गायरान जमिनी कसावयास मिळाव्यात म्हणूनच. गावच्या चांगल्या जमिनीत ज्यांना कधी वाटा मिळाला नाही, त्यांना 'गाईची जमीन सोडा' असे सांगणे सोपे आहे. पण ज्यांनी दोनशे एकर राखून शिवाय गायरानाचा धुरा सरकवला, त्यांना ते आधी सांगितले पाहिजे. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र शासनाने गायरान खाजगी उपयोगासाठी देण्यावर निर्बंध घातला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. कायदा आता गवताच्या बाजूने बोलू लागला आहे. तो गरिबाच्या विरुद्ध बोलू नये, एवढी दक्षता मात्र आपणच घ्यायची आहे.

दरम्यान १९९८ च्या जुलैत वाशिमला पुन्हा जिल्ह्याचा मान मिळाला. पण या काळात शेताचे रूप पालटले. ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले. ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचे कुटार गुरे खातात खरी, पण कडब्याची सर त्याला नाही. ट्रॅक्टर आला. बैलजोडी ठेवणे परवडेना. महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या २०१२ च्या गणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आत आली. गुरे कमी झाली तर गवत वाढावयास हवे होते. ते वाढले नाही. कारण उरलेली गुरे राखणारा गायकीच उरला नाही. ती उरल्यासुरल्या तुकड्यावर बारा महिने मोकाट फिरतात. संख्येपेक्षा विसावा महत्त्वाचा, असे आम्ही आरंभी म्हटले त्याचा हा आपल्या डोळ्यांपुढचा दाखला आहे.

आता नव्या शास्त्राकडे वळू. फ्रान्समधील नॉर्मंडीत स्वतः गुरे पाळणारे आंद्रे व्होआझँ यांनी १९५७ साली गवताच्या उत्पादकतेवर ग्रंथ लिहिला. गाय आणि गवत यांची गाठ कशी पडते ते शेतात उभे राहून पाहून त्यांनी सांगितले की, मुक्काम थोडा आणि विसावा लांब असावा, व हा विसावा ऋतूप्रमाणे कमी-अधिक करावा. पुढे ऱ्होडेशियात जन्मलेले ॲलन सेव्हरी यांनी आफ्रिकेतील वन्य प्राण्यांचे दाट, चालते कळप पाहून असे प्रतिपादन केले की, उजाड माळ गुरे काढून नव्हे, तर गुरे नीट फिरवून सुधारतो. त्यांच्या २०१३ च्या व्याख्यानाने जगभर खळबळ उडाली. त्यांचे काही दावे, विशेषतः अशा चराईने हवेतील कर्ब मोठ्या प्रमाणावर जमिनीत साठवता येईल हा दावा, अनेक शास्त्रज्ञांना मान्य नाही. प्रयोगांतून तसे सरसकट सिद्ध झालेले नाही, असे ते म्हणतात. आम्हांस वाटते की, या वादात आपण घाईने बाजू घेण्याचे कारण नाही. गुरे फिरवली की वाळवंटाचे नंदनवन होते असे मानणे जितके भाबडेपणाचे, तितकेच गुरे हीच गवताची वैरी असे मानणेही चुकीचे. जमिनीच्या ताकदीपेक्षा गुरे फार झाली तर कितीही फिरवा, उपयोग नाही. आणि विसावा मिळाला नाही तर दहा गुरेही माळ उजाड करतात.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला आधी निराळे उत्तर मिळाले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या नगर जिल्ह्यातील गावांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ आदर्श गाव योजनेने, चराईबंदीचा नियम स्वीकारला. डोंगरावर गुरे सोडायची नाहीत; गवत वाढू द्यायचे आणि विळ्याने कापून गोठ्यात न्यायचे. हिवरे बाजारात पाणी अडवण्याच्या कामाबरोबर गवत वाढले आणि गवताबरोबर दूध वाढले, हे सर्वश्रुत आहे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने वनहक्क कायद्याखाली मिळालेले उजाड रान राखून हिरवे केले आणि त्याला २०१४ साली राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. चराईबंदी हे कडक पथ्य आहे आणि उजाड माळाला आरंभी ते हवेच. पण पथ्य म्हणजे आहार नव्हे. गवत रुजल्यावर पुढे काय, हा प्रश्न राहतोच. ज्याच्याकडे गोठ्याला जागा नाही आणि कापून आणायला माणूस नाही, त्या शेळ्या-मेंढ्यावाल्याचे काय? येथे फिरत्या चराईचा विचार उपयोगी पडतो.

वाशिम जिल्ह्यापुरते पाहू गेल्यास, गवत अजून पुरते गेलेले नाही. कारंजा-सोहोळ येथे सुमारे १८ चौरस किलोमीटरचे काळवीट अभयारण्य २००० साली जाहीर झाले. गवत राखले तर काय राहते, हे तेथे पहावयास मिळते. तणमोरासारखा दुर्मिळ झालेला पक्षी पावसाळ्यात ज्या थोड्या प्रदेशांत आढळतो, त्यांत अकोला-वाशिमचे माळ आहेत. कारंज्याची संवेदना ही संस्था आणि या भागातील फासेपारधी कुटुंबे मिळून गवताळ माळ राखण्याचे काम करीत आहेत. ज्यांना एके काळी कायद्याने गुन्हेगार ठरवले, त्यांच्याच डोळ्यांना गवतातली पाखरे आणि पाऊलवाटा सर्वांत आधी दिसाव्यात, हा इतिहासाचा एक न्यायच म्हणावयास हवा.

मग करावयाचे काय? आमच्या अल्प समजुतीप्रमाणे गोष्ट फार खर्चाची नाही, पण एकोप्याची आहे. गावात जे काही ई-क्लास उरले असेल ते प्रथम मोजून नक्की करावे. त्याचे चार-पाच भाग पाडावेत. एक भाग बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळी उलटेपर्यंत, पूर्ण बंद. तो दरवर्षी बदलावा. बाकीच्या भागांत गावचा कळप एका राखणदाराच्या हाताखाली एकत्र फिरवावा, आणि मागचे गवत वितभर वाढल्याखेरीज पुन्हा तेथे आणू नये. पाण्याची सोय अशी करावी की गुरांना एकच वाट तुडवावी लागू नये. ज्याची गुरे त्याने राखणदाराच्या पगारात वाटा द्यावा. ज्याची शेळी एकच, त्याचा वाटा कमी. गायकीला पूर्वीपेक्षा मानाचे वेतन दिले तरच हे चालेल, कारण या व्यवस्थेत कुंपणाचे काम माणूस करतो. आणि शेतात चार तास ज्वारीचे ठेवावेत, कडब्यासाठी.

यातले काय नवे? विसावा मोजण्याची रीत नवी आहे, गवताच्या मुळाचे ज्ञान नवे आहे. बाकी आखर, गायकी, रमणा आणि राखण हे सगळे शब्द आपल्याच भाषेतले आहेत. ते अजून पुरते विसरले गेलेले नाहीत. आखराची जागा कोठे होती हे सांगणारी म्हातारी माणसे खेड्यांत अजून भेटतात. त्यांना विचारून घेण्याची हीच वेळ आहे.

श्रोतेजनहो, आपण बहुतेक शहरात राहणारे. आपला गुरांशी संबंध सकाळच्या दुधापुरता आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला नैवेद्य दाखवण्यापुरता. पण गावचे गायरान कशासाठी द्यायचे, त्यावर काय उभारायचे, हे ठरवणाऱ्या कचेऱ्या शहरात आहेत, आणि तेथे बसणारेही आपल्यातलेच आहेत. पुढच्या खेपेला कारंज्याकडे किंवा मंगरूळपीरकडे जाताना वाटेवरचा एखादा करडा माळ दिसला, तर 'ही जमीन नुसती पडली आहे' असे शब्द ओठांवर येतील. ते शब्द मूळचे कोणाचे, आणि ते कोणत्या खतावणीतून आले, एवढे त्या वेळी आठवले तरी पुरे.